तनूला काय चालतं

ताईच्या घरी मी राहायला गेले त्या वेळी मला शहरात एकटीनं रस्ता ओलांडायचीसुद्धा भीती वाटायची. चौथीनंतर शाळा सुटली, मग गावात भात, गुरं आणि आईच्या हाताखालचं काम, यातच मी वाढले. ताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. तिला रत्नागिरीत एका ऑफिसात शिपायाची नोकरी लागली, भाऊजी मुंबईला गोदीत, आणि त्यांची मुलगी तनू नुकती चालायला लागलेली. तिला सांभाळायला मला बोलावलं. आई म्हणाली, "जा. चार माणसांत राहशील तर तोंड तरी उघडशील." तोंड काही फारसं उघडलं नाही. कान मात्र सतत उघडे ठेवायची सवय लागली, ती आजवर गेलेली नाही. अजूनही शेजारच्या खोलीत कुणी खोकलं की मी हातातलं काम सोडून उभी राहते, आणि तो नुसताच खोकला आहे हे कळेपर्यंत मला बसवत नाही.

मांडवीला समुद्राच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, पुढे पडवी, मागे मोरी, एवढंच ते घर. समुद्र दिसायचा नाही, पण भरतीला त्याचा आवाज भिंतीतून यायचा, जणू पलीकडे कुणी मोठा गाडा ओढतंय. घरात दुसरा आवाज काजूचा. ताईच्या सासूबाई, त्यांना मी काकी म्हणायचे, काजू सोलायचं काम घरी आणायच्या. आधी बरीच वर्षं त्या कारखान्यात बिया फोडायला जात. त्या कामात टरफलातलं तेल हाताला लागतं आणि कातडी भाजून निघते. राख लावून बसलं तरी बोटं काळी पडतातच. काकींची बोटं कायमची काळी झाली होती. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी फोडणं सोडलं आणि फोडून आलेल्या गरांची तांबूस साल काढायचं हलकं काम घरी घेतलं. पडवीत पोतं पसरून त्या, मी आणि शेजारच्या मुमताजभाभी बसायचो. छोट्या सुरीची टिकटिक, सुपात पडणाऱ्या गरांचा टपटप आवाज, आणि वाऱ्यानं घरभर उडणारी साल. उशीवर साल, ताटाच्या काठाला साल, तनूच्या केसांत साल. अख्खे गर वेगळे, अर्धी झालेली पाकळी वेगळी, आणि अगदी बारीक कणी उरे ती घरात खायला. त्या घरी भाजीला काजूच्या कणीचं वाटण, शिऱ्यात कणी, खिरीत कणी. मी गावाहून आलेली, मला तर ते घर लग्नघरासारखंच वाटायचं.

तनूच्या अंगावर गांधी उठायच्या. आधी मानेवर, मग पोटावर, लाल, फुगीर, हात लावला तर गरम. ओठ सुजायचे. काकी लगेच आमसुलं भिजत घालायच्या आणि ते पाणी तिच्या अंगाला चोळायच्या. गांधी बसायच्या, दोन-चार दिवस बरे जायचे, पुन्हा उठायच्या. आमच्याकडे प्रत्येक बाईनं हे बघितलेलं असतं. काजूच्या बियांत राबणाऱ्या घरातल्या पोरांना तेल लागतं, तोंड भाजतं, अंग सुजतं. त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. "बी चोखलीन असेल कुठंतरी," काकी म्हणायच्या. "तेल भाजतं गो बाय, गर नाय. गरानं कुणाला काय झालंय?" मुमताजभाभी म्हणायच्या, "आमच्या सगळ्या पोरांचे ओठ असेच होते, आता बघा कसे लाटणी घेऊन भांडतात." मी तनूच्या मागे मागे फिरायचे. टरफल दिसलं की उचलायचे, अंगणातली राखसुद्धा झाडून टाकायचे. तरी गांधी यायच्याच. कुठून येतात ते कळत नाही म्हणून मला एका जागी बसवायचं नाही. तनू झोपली तरी मी तिच्याकडे बघत राहायचे, आणि ती हलली की मीच दचकायचे.

नाक्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की हे पित्त आहे, मासे आणि अंडी बंद करा; गांधी बसायचं एक औषधही दिलं. ते म्हातारे, सगळ्या आळीचे डॉक्टर, त्यांचा शब्द मोडायची पद्धत नव्हती. तनूचे मासे बंद झाले. मांडवीत राहून मासे बंद म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. सकाळी दारात मासेवालीची पाटी उतरली की पोरं तिच्याभोवती जमतात, प्रत्येक घरातून एकच वास येतो, आणि या एका पोरीचा हात धरून तिला आत न्यायचं. ती रडायची. मग काकींनी तिला समजावलं ते असं, "मासा खाल्लास तर श्वास बंद होईल. मरशील. मग आईला कोण?" तनू त्यानंतर रडायची थांबली. पाटी आली की स्वतःच आत जाऊन बसायची आणि नाकावर हात धरायची. मीही तिच्याबरोबर मासे खायचे सोडले. कुणी सांगितलं नव्हतं. तिला भरवताना माझ्या हाताला वास नको, एवढंच मनात होतं. मग खाण्याची इच्छाच राहिली नाही.

पोर सुकायला लागलं. मासे नाहीत, अंडं नाही, दुधाला ती तोंड लावायची नाही. काकींना ते बघवेना. त्यांचा तनूवर फार जीव. अंगात ताकद यावी म्हणून त्या तिच्या पेजेत काजूची कणी वाटून घालू लागल्या, दुपारी गुळाबरोबर पाकळी हातात देऊ लागल्या. स्वच्छ, धुतलेली, पांढरीशुभ्र पाकळी. "विकत घेणाराला मिळायची नाय अशी," म्हणायच्या. आणि गांधी वाढत गेल्या. आता हे लिहिताना सगळं इतकं सरळ दिसतं की मला त्या घरातल्या आम्हा सगळ्या बायांचं आश्चर्य वाटतं. पण जी वस्तू रोज ओंजळीनं हाताळतो, जिच्यावर घर चालतं, तिच्यावर संशय कसा जाणार? संशय जायला माणसाला थोडं लांब उभं राहावं लागतं, आणि त्या घरात लांब उभं राहायला जागाच नव्हती.

मग ती दुपार. ताई ऑफिसात, मुमताजभाभी नुकत्याच घरी गेलेल्या. तनूनं गुळाबरोबर पाकळी खाल्ली आणि खेळायला उठली. थोड्या वेळानं ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि गळ्याला हात लावून म्हणाली, "मावशी, इथे टोचतंय." बघता बघता डोळे सुजून बारीक झाले. मग तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. काकी आमसुलं काढायला डबा शोधत होत्या. मी तनूला उचललं आणि अनवाणी रस्त्यावर धावले. मागून काकी, "अगो थांब, आमसुलाचं पाणी लावते!" पण मी थांबले नाही. रिक्षावाल्याला काय सांगायचं ते सुचेना, मी फक्त तनूचं तोंड त्याच्याकडे फिरवलं. त्यानं एकदा बघितलं आणि रिक्षा अशी काढली की काकी कशाबशा अर्ध्या आत बसल्या.

मुलांच्या दवाखान्यात नवे डॉक्टर आले होते, तरुण, घाटावरचे, भराभर बोलणारे. त्यांनी तनूच्या मांडीत इंजेक्शन दिलं, नाकावर वाफेचा मास्क लावला. शिट्टी हळूहळू कमी झाली. मग ते आमच्याकडे वळले.

"काय खाल्लं हिनं?"

मी काकींकडे बघितलं. काकी म्हणाल्या, "मासा नाय हो. मासा तिच्या तोंडाला लागून वर्ष होत आलं."

"मग काय खाल्लं?"

"काय नाय. भाताची पेज. आणि जरा पाकळी."

"पाकळी म्हणजे?"

"काजूची. सोललेली, धुतलेली. तेलाचा थेंब नाय हो तिला."

डॉक्टर लिहायचे थांबले. "याआधी कधी दिली होती?"

"कधीमधी," काकी म्हणाल्या.

तेव्हा मी बोलले. परक्या पुरुषमाणसाशी माझ्या आठवणीतलं ते पहिलंच बोलणं. "रोज देतो. मासे बंद केल्यापासून रोज." काकींनी माझ्याकडे असं बघितलं की मी खाली फरशीकडे बघायला लागले. पण डॉक्टर मलाच विचारत राहिले. किती वेळानं उठतं, पेजेतून पण का, काजू नसेल त्या दिवशी काय होतं. मी फरशीकडे बघूनच सगळं सांगितलं. शेवटचं उत्तर देताना मी अडखळले, कारण काजू नसेल असा दिवस त्या घरात कधी आलाच नव्हता.

डॉक्टर म्हणाले, अंदाजानं काही बंद करायचं नाही, हातावर तपासणी करू. पण त्याआधी गांधी बसायचं औषध काही दिवस थांबवायला लागेल, नाहीतर तपासणीत काही दिसत नाही. काजू मात्र आजपासून बंद, कणीसुद्धा नाही, आणि श्वासाचं काही झालं तर तपासणीबिपासणी बघायची नाही, तडक इकडे आणायचं. ते दिवस मला आजही आठवायला नको वाटतात. औषध नाही, त्यामुळे जराशी साल उडाली तरी तनू खाजवत सुटायची. मी तिला कडेवर घेऊन मांडवीच्या वाळूत फेऱ्या मारायचे, कारण घरापेक्षा तिथे बरं असायचं. घरी परतताना पाय जड व्हायचे. ताई ऑफिसातून येऊन विचारायची, "आज काय?" आणि मी "काही नाही" म्हटलं तरी तिला पटायचं नाही, ती दिव्याखाली नेऊन पोरीची पाठ बघायची.

तपासणी म्हणजे तनूच्या हाताच्या आतल्या बाजूला पेनानं खुणा केल्या, प्रत्येक खुणेशी वेगळ्या पदार्थाचा एकेक थेंब, आणि त्या थेंबातून सुईचं टोक जरासं टेकवलं. मग हात न हलवता बसायचं. लहान पोर आणि हात न हलवता! ताईनं एक हात धरला, मी गाणी म्हटली, तीही इतक्या हळू की तनूच म्हणाली, "मावशी, मोठ्यानं म्हण की." थोड्या वेळात एका थेंबाखाली मच्छर चावल्यासारखं उठलं, आणि ते वाढतच गेलं, लिंबाच्या चकतीएवढं, कडा लाल. तो काजू. मासा, कोळंबी, अंडं, दूध, सगळ्या खुणा सपाट. ताई त्या सपाट खुणांकडे बघत राहिली. "म्हणजे मासे उगाच...?" डॉक्टर म्हणाले, "बहुतेक उगाच. पण आधी एवढा जोराचा झटका येऊन गेलाय, म्हणून घरी द्यायचा नाही. मासा शिजवून इथे आणा. माझ्यासमोर खाऊ दे."

घरी आल्यावर ताईनं पडवीतल्या पोत्याकडे बोट दाखवलं आणि सासूला एवढंच म्हणाली, "आई, हे आता इथे नको." काकी सुपातला हात तसाच ठेवून बसल्या होत्या. "मग मी काय करू? रिकामी बसू?" काकींनी डोळे पुसले नाहीत, भांडल्याही नाहीत. संध्याकाळी त्यांनी स्वतः ती पोती ओढत मुमताजभाभींच्या पडवीत नेली. दुसऱ्या दिवसापासून त्या तिकडे बसायच्या आणि येताना मागच्या दारानं मोरीत जाऊन डोक्यावरून आंघोळ करायच्या, लुगडं पिळून वेगळ्या दोरीवर टाकायच्या, मगच आत पाऊल. मयताहून आल्यावर करतात तसं. मी भांडी चुलीवर उकळून घेतली, पाटा-वरवंटा दगडानं घासून काढला, ताईनं पाथरवटाकडून त्याला नवी टाकी लावून घेतली, उश्या उसवून कापूस उन्हात घातला. आळीत हसू झालं. "काकींच्या घरी काजूचं सुतक लागलंय," असं लोक म्हणायचे. मुमताजभाभी म्हणाल्या, "काकी, आंघोळी करून करून गोऱ्या झालात हो, आता पुन्हा लग्नाला उभ्या राहा." काकी म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला विचार आधी, तयार हाय का." पण आत येऊन तनूला मांडीवर घेताना त्या आपली काळी बोटं आधी हुंगून बघायच्या.

मासा नेण्याचा दिवस ठरला. काकी पहाटेच बंदरावर गेल्या आणि मुडदुशी घेऊन आल्या. बाळंतिणीला, आजाऱ्याला देतात तो हलका मासा. मी हळद, मीठ आणि कोकम एवढ्यावरच नव्या पातेल्यात शिजवला. मसाला नको, वाटण नको, दुसरं काही मध्ये यायला नको. डबा कापडात गुंडाळून आम्ही दवाखान्यात बसलो. ताई, मी, तनू. काकी आल्या नाहीत. "मी काल काजूत होते," म्हणाल्या. डबा उघडल्याबरोबर सगळ्या दवाखान्यात वास गेला. बाहेर बसलेली एक बाई म्हणाली, "कोणाकडे जेवण आहे गो, आम्हाला बोलवा." डॉक्टर घाटावरचे, मासे न खाणारे. त्यांनी हसत हसत खिडकी उघडली. इंजेक्शन भरून ट्रेमध्ये ठेवलं. मग चमच्यानं रस्सा घेऊन तनूच्या ओठाला लावायला गेले आणि तनूनं तोंड गच्च मिटलं.

"अगं, ओठाला लावायचाय फक्त."

तनूनं दोन्ही हात नाकावर घेतले. ताई म्हणाली, "तनू, खा बाळा, आता चालतं तुला." तनू मान हलवत राहिली. ताईनं जरा जोर केला तशी ती किंचाळली, "मी मरेन! मी मरेन!" ताईनं हात मागे घेतला. डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, "जबरदस्तीनं नको. रडली तर श्वासाचं मला काही कळायचं नाही. आज राहू दे." पण मला माहीत होतं, आज राहिलं की ते कायमचंच राहणार. ही पोर मोठी होईल, सासरी जाईल, कुठल्याही ताटासमोर नाक धरून बसेल. आणि आमच्यापैकी कुणी तिला परत समजावू शकणार नाही, कारण समजावणारी माणसंच ती होती, ज्यांनी तिला मरशील असं सांगितलं.

मी खाली बसले, डबा पुढ्यात ओढला आणि मासा तोडून तोंडात घातला. पुरुषमाणसासमोर मी तोवर कधी जेवले नव्हते. कानापर्यंत गरम झालं. डॉक्टर बघताहेत, ताई बघतेय, दारातून ती वास घेणारी बाई बघतेय. तनूनं नाकावरचे हात जरा खाली घेतले. ती माझ्याजवळ आली, आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग तिनं आपला छोटा पंजा माझ्या गळ्यावर ठेवला, जिथे तिला टोचलं होतं तिथेच.

"मावशी, श्वास चाललाय?"

"चाललाय."

"अजून खा."

मी अजून एक घास खाल्ला. तिनं माझ्या छातीला कान लावला. तिला काय ऐकू आलं असेल कुणास ठाऊक, माझं काळीज तर ढोलासारखं वाजत होतं. बऱ्याच वेळानं तनूनं कान काढला, ओठ पुढे केले आणि डोळे घट्ट मिटून घेतले. मी बोटाला लागलेला रस्सा तिच्या ओठाला लावला.

मग वाट बघणं. भिंतीवरचं घड्याळ मला नीट वाचता यायचं, पण त्या दिवशी काटे कुठे आहेत तेच दिसेना. डॉक्टर मध्ये मध्ये येऊन तिची पाठ बघायचे, छातीला नळी लावायचे. ओठ तसाच राहिला. मग तांदळाएवढा तुकडा. पुन्हा वाट. ताई खिडकीपाशी उभी राहून पदराचं टोक पिळत होती. मी उठले, बसले, परत उठले. ती बाहेरची बाई आपला नंबर होऊन गेला तरी गेली नव्हती. मग बोराएवढा तुकडा. पुन्हा वाट. तनूला एव्हाना कंटाळा आला होता. ती डबा स्वतःकडे ओढत होती, कोकमाचा तुकडा चोखत होती. डॉक्टर म्हणाले, "आता सबंध खाऊ दे," आणि स्टूल ओढून तिच्या समोरच बसले.

तनूनं डब्यात वाकून बघितलं. राहिलेला मासा बोटानं उलटा केला. मग माझ्याकडे बघून ओरडली, आळीतली सगळी पोरं आयांवर ओरडतात तशीच, हक्कानं आणि वैतागून:

"मावशी, काटा कोण काढणार?"